शनीचं कडं

महिपत कुळ्ये तोंड उघडतो आणि वाडी 'व्हय म्हाराजा' म्हणते, हे काही आजचं नाही. नवलाई देवीच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान कुळ्यांचा. बाप गेल्यावर तो महिपतकडे आला. देवदिवाळी असो, शिमगा असो, नाहीतर कुणाच्या पोराला नोकरी लागू दे म्हणून फोडलेला नारळ असो, महिपत हात जोडून उभा राहणार, 'बा नवलाई माते' म्हणून सुरुवात करणार आणि त्याच्या प्रत्येक मागणीवर मागची माणसं एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणणार. मागणी काय आहे ते ऐकलंच पाहिजे असं नाही. पोरं मोबाइलात डोकं घालून उभी असतात, पण महिपतचा आवाज खाली आला की त्यांच्या तोंडून बरोब्बर होकार पडतो. माणसाला जन्मभर अशी हो म्हणणारी माणसं मिळाली की आपण चुकूच शकत नाही असं त्याला वाटायला लागतं. महिपतला ते जरा जास्तच वाटायचं.

त्यातून हा मुंबईला गिरगावात चष्म्याची भिंगं घासून आलेला. निवृत्त होऊन राजापूरच्या रस्त्याला लागून असलेल्या या वाडीत परतला तेव्हा पोटाशी धरून काय आणलं, तर स्वतः घासलेला एक आरसा. बोअरवेलला घालून उरलेला जाड पाइप घेतला, त्याच्या तळाला आरसा बसवला, वरच्या अंगाला भिंग लावलं, सुताराकडून लाकडी बैठक करून घेतली आणि दुर्बीण तयार झाली. बायको विमला म्हणाली, "म्हातारपणी लोकं देवाकडं बघतात, हे ग्रहांकडं बघतायत." पण पहिल्या देवदिवाळीला तिनंच सगळ्यांच्या आधी भिंगाला डोळा लावला. शनीभोवतीचं लखलखीत कडं बघून तिनं तिथल्या तिथं हात जोडले होते.

तेव्हापासून देवळाच्या भिंतीला एक फळा लागला. त्यावर महिपत खडूनं लिहायचा, या महिन्यात आकाशात काय बघायचं. मे महिन्यात भर दुपारी सावली पायाखाली गडप होते तो दिवस, श्रावणात उल्कावर्षाव, डिसेंबरात पुन्हा उल्का. आता श्रावणात कोकणात आभाळ कोण बघणार? उल्का वर पडायच्या आणि पाऊस खाली. यंदा गणपती पोचवून झाल्यावर चंद्रग्रहण होतं, तेव्हा महिपत छत्री धरून देवळामागच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर उभा राहिला आणि ढग बघून घरी आला. सदू ढोलवाला त्याला म्हणाला, "महिपतदादा, तुजां ग्रहण लय मोठां हाय. चंद्र तर सोड, सगळां आभाळच गिळलंन!" महिपतही हसला. या गोष्टींनी त्याला कमीपणा येत नव्हता, कारण पावसाचा दोष माणसाच्या माथी कुणी मारत नाही.

कमीपणा दुसऱ्याच गोष्टीचा होता, आणि तो त्यानं झाकून ठेवला होता. त्याला दिसेनासं झालं होतं. मुळातच अधू असलेल्या डाव्या डोळ्यानं घर, वाट, माणसं अंदाजानं ओळखू यायची, पण दुर्बिणीला लावायच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. भिंगातून बघितलं की धुकट उजेडाचा डाग तेवढा दिसायचा. अख्ख्या मुंबईचे डोळे आपण दुरुस्त केले असं सांगत फिरणाऱ्यानं आपलेच डोळे गेले हे कुठल्या तोंडानं सांगायचं? ग्रह कुठे आहे हे त्याला पाठ होतं, दुर्बीण फिरवणं हाताला ठाऊक होतं. डाग मधोमध आला की तो म्हणायचा, "हां, बघा आता." आणि शनीची वर्णनं तो आठवणीतून करायचा.

आता दर्शनाचं सांगायला हवं. दर्शना ही महिपतची सून. माहेर किनाऱ्यावरचं, खारव्यांच्या घरातलं. आई बंदरावर मासळी विकायची. महिपतचा मुलगा ऋत्विक टेम्पो घेऊन बंदरावर जायचा, तिथं दोघांचं जमलं. शेतकरी कुणब्याच्या घरात खारव्याची मुलगी म्हणून वाडीनं आधी नाक मुरडलं. मग महिपतनंच गाऱ्हाण्यात 'आमच्या घरात आलेली ही लेक तुझ्या पदरात घे' म्हटलं, वाडी सवयीनं 'व्हय म्हाराजा' म्हणाली आणि प्रश्न मिटला. पोरगी कामाला वाघ. बोलायला मात्र सरळ. मधे आडपडदा नाही. जेवताना ती महिपतच्या ताटातल्या बांगड्याचे काटे काढून द्यायची. महिपतला वाटायचं, मासे खाणाऱ्यांची मुलगी, सासऱ्याचे लाड करायची तिची रीत असेल. त्यापुढे त्यानं विचार केला नाही.

गेल्या देवदिवाळीची गोष्ट. मार्गशीर्षाची प्रतिपदा, चंद्राचा पत्ता नाही, पाऊस जाऊन हवा धुतलेली. तिन्हीसांजेला गाऱ्हाणं झालं आणि सगळी वाडी देवळामागच्या सड्यावर जमली. कातळ अजून दुपारच्या उन्हानं कोमट होता. महिपतनं डाग मधोमध आणला आणि आपलं पुराण सुरू केलं. "शनी महाराज! आणि त्यांच्याभोवती सोन्याचं कडं. नीट बघा, वाटीच्या काठासारखं सुटं दिसेल. दिसलं?"

सदूनं डोळा लावला. "व्हय म्हाराजा!"

सगळे हसले. मग तीच टूम झाली. एकेक जण वाकायचा, महिपत विचारायचा, "कडं दिसलं?" आणि जबाब यायचा, "व्हय म्हाराजा!" सदूची बायको, शाळेतली योगिनी मास्तरीण, मुंबईहून सणाला आलेली मंडळी, सगळ्यांना कडं दिसलं. महिपत फुलून गेला होता. शेवटी दर्शनाची पाळी आली.

"काय दिसतं सांग," महिपत म्हणाला.

ती बराच वेळ बघत राहिली. मग सावकाश, एकेक शब्द मोजून म्हणाली, "बाबा, कडां नाय दिसत. नुस्ता गोळा हाय. मधून एक बारीक रेघ गेल्यासारी दिसते, केसासारी. बाजूला एक ठिपका हाय. पण कडां नाय."

हशा थांबला. कुणीतरी खाकरलं. महिपत दचकला. तिला दिसलं नाही म्हणजे दुर्बीण बिघडली, नाहीतर नेम चुकला. आणि आता कुणी म्हणालं, महिपतदादा, तूच बघून सांग, तर? त्या धाकानं त्याच्या तोंडून जे निघालं ते निघायला नको होतं.

"बघायलासुद्धा अक्कल लागते गो!" तो म्हणाला. "सगळ्या वाडीला दिसलं नि हिलाच नाही. कसं दिसेल? मासे साफ करून करून डोळ्यांवर खवले चढलेत हिच्या!"

वाडी खदखदून हसली. ऋत्विकही आधी हसला आणि बायकोचा चेहरा बघून गप्प झाला. दर्शना भिंगापासून बाजूला झाली, पदर सारखा केला आणि विमलाच्या मागे जाऊन उभी राहिली. ती चिडली असती, रडली असती, तर बरं झालं असतं. तिनं फक्त एकदा महिपतकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, काहीतरी न समजल्यासारखं होतं.

शब्द तोंडातून सुटला की तो आपला राहत नाही. दुसऱ्या दिवशी विहिरीवर कुणीतरी दर्शनाला 'खवलेवहिनी' म्हणालं. आठवड्यात पोरांच्या तोंडी तेच बसलं. मस्करी होती, दुष्टावा नव्हता, असं सगळे म्हणतील. पण लग्नाच्या वेळी अर्धवट राहिलेलं नाक मुरडणं या निमित्तानं पुरं करून घेतलं, हे महिपतला कळत होतं. आणि निमित्त त्यानंच पुरवलं होतं. ते नाव कानावर आलं की तो मान खाली घालून चालायला लागायचा. एकदाही त्यानं कुणाला 'असं म्हणू नका' म्हटलं नाही. म्हटलं असतं, तर का म्हणू नको, हे सांगावं लागलं असतं.

डिसेंबरात एका सकाळी त्यानं चहा कपाच्या बाहेर ओतला. विमलानं कपाळावर हात मारला. दर्शनानं काही न बोलता रत्नागिरीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावला आणि स्कूटरवर मागे बसवून त्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात बॅटरी मारली आणि म्हणाले, "आजोबा, हा तर पिकून गेलाय. या डोळ्यानं तुम्हाला निदान वर्षभर तरी धड काही दिसत नसणार. कुणाला बोलला नाहीत?"

दर्शना शेजारीच उभी होती. महिपतला वाटलं, आता ही म्हणणार, मग देवदिवाळीला कडं तुम्हाला कसं दिसलं? पण ती डॉक्टरांना एवढंच म्हणाली, "ऑपरेशन लवकरचं द्या. पुढं शिमगा हाय, बाबांना गाऱ्हाणां घालायचां असतां."

ऑपरेशन झालं. दर तीन-चार तासांनी डोळ्यात थेंब घालायचे होते, ते काम दर्शनानं आपल्याकडे घेतलं. विमलाचे हात थरथरायचे. महिपत खाटेवर उताणा पडायचा, दर्शना साबणानं हात धुऊन यायची, बोटानं त्याची पापणी हलकेच खाली ओढायची आणि म्हणायची, "हालू नका हां." जिच्या डोळ्यांवर त्यानं चारचौघांत खवले चढवले, ती त्याच्या डोळ्यात औषध घालत होती. तिच्या बोटांना साबणाचाच वास यायचा, मासळीचा कधीच नाही. थेंब पडला की डोळ्यातून पाणी यायचं. ते औषधाचं की कशाचं, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. दर वेळी तो ठरवायचा की आज बोलायचं, आणि दर वेळी म्हणायचा, "झालं? जरा पाणी दे गो."

संक्रांतीला सदूच्या घरी हळदीकुंकू होतं. दर्शना ठेवणीतली नऊवारी नेसून गेली आणि अर्ध्या तासात परत आली. विमलानं विचारलं तेव्हा म्हणाली, "डोकां दुखतां." खरं काय ते विमलाला नंतर बायकांकडून कळलं. कुणीतरी मोठ्यानं ओरडलं होतं, "खवलेवहिनीला वाण द्या आधी, तिला ताट दिसायचां नाय!" विमला ओटीवर आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"तुमच्या तोंडचां हाय ता," ती म्हणाली. "तुमीच काढा."

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी दुर्बिणीला डोळा लावायची परवानगी दिली. दिवेलागणीनंतर महिपत एकटा दुर्बीण घेऊन सड्यावर गेला. शनी पश्चिमेला उतरत होता. दुर्बीण फिरवली, डोळा लावला. कित्येक दिवसांनी तारे टोकदार दिसत होते, आणि त्यांच्यामध्ये शनी होता. गोळा. मधून एक बारीक रेघ. बाजूला एक ठिपका.

कडं नव्हतं.

त्यानं भिंग पुसलं, पुन्हा बघितलं. मग त्याला आठवलं. हे त्याला माहीत होतं! मुंबईत असताना वाचलेलं होतं. शनीचं कडं ताटासारखं सपाट. ताट कलतं धरलं तर गोल दिसतं, डोळ्यांच्या रेषेत आडवं धरलं तर नुसती कड दिसते. पंधराएक वर्षांनी एकदा शनी आपल्याला ताटाची कड दाखवतो. तेच हे वर्ष. फळ्यावर दर साल तेच लिहिता लिहिता आणि आठवणीतूनच सांगता सांगता तो हे विसरून गेला होता. आकाशानं त्याच्यासमोर पंधरा वर्षांतून एकदा होणारी गोष्ट आणून ठेवली होती. अख्ख्या वाडीत ती एकीनं बघितली, रेघेसकट, ठिपक्यासकट. आणि त्यानं तिला आंधळी ठरवलं.

महिपत कातळावर खाली बसला. लाज म्हणजे काय हे त्याला आजवर माहीत होतं असं त्याला वाटायचं; परीक्षेत नापास झाला तेव्हा, मालकानं सगळ्यांसमोर झापलं तेव्हा. ती काहीच नव्हती. तिथं दुसऱ्यानं त्याला खाली ओढलं होतं. इथं त्यानं आपला पडणारा डोलारा सावरायला एका पोरीला पायाखाली घेतलं होतं. त्याला त्या घरात परत जाऊ नये असं वाटलं.

तरी गेला, आणि तरी बोलला नाही. खोटं कशाला सांगू, त्या रात्री दर्शनानं "दिसला का शनी?" म्हणून विचारलं, तर हा म्हणाला, "ढग होते."

आभाळात औषधालाही ढग नव्हता.

शिमगा आला. होळीच्या दुसऱ्या दिवशी चंद्रग्रहण होतं, आपल्याकडे चंद्र उगवेपर्यंत सुटत आलेलं. महिपतनं फळ्यावर तेवढंही लिहिलं नाही. फळा तीन महिने कोराच होता. ग्रहणाचा दिवस टाळून नवलाईची पालखी घरोघर निघाली. ढोल वाजत होते, पालखी खांद्यांवर नाचत होती. प्रत्येक घरापुढच्या अंगणात, खळ्यात ती थांबायची, घरची बाई देवीची ओटी भरायची आणि महिपत त्या घराच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचा. उन्हं उतरताना पालखी कुळ्यांच्या खळ्यात आली. सगळी वाडी मागोमाग होतीच. दर्शनानं सकाळीच खळं सारवून रांगोळी घातली होती. खण, नारळ, तांदूळ घेऊन ती उभी होती. गर्दीतून एक पोर पुटपुटलं, "खवलेवहिनी ओटी भरतंय." दर्शनानं ताटातला नारळ सारखा केला.

महिपत पालखीसमोर उभा राहिला. हात जोडले. आवाज लावला.

"बा नवलाई माते, आज तू आमच्या खळ्यात आलीस. तुजी पायधूळ लागली."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरात पोराबाळांना सुखी ठेव, आंब्याला मोहोर धर, वाटसरूला वाट दाखव."

"व्हय म्हाराजा!"

इथवर रोजचं होतं. पुढचं नव्हतं. पण आवाज त्याच चालीत पुढे गेला.

"बा माते, देवदिवाळीला तुज्याच देवळामागं ह्या महिपतीनं आपल्या सुनेला चारचौघांत टाकून बोललं. तिच्या माहेराला बोललं, तिच्या डोळ्यांना बोललं. ता पाप माज्या पदरात घाल."

"व्हय म्हाराजा!" वाडीनं दणक्यात साथ दिली. मग अर्ध्या माणसांच्या लक्षात आलं आपण कशाला हो म्हटलं. ढोल वाजवणाऱ्या सदूचा हात टिपरीसकट वरच राहिला.

महिपत थांबला असता तर चाललं असतं. अवघड ते अजून पुढे होतं.

"तिनं सांगितलां ताच खरां होतां. यंदा कडां दिसायचां सालच नव्हतां, नुस्ती रेघ होती. आणि माते, मी ता बघितलांच नव्हतां. मला दिसत नव्हतां. वर्षभर त्या नळीतून मला काय एक दिसलां नाय, नि मी तुमाला कडां दाखवत होतो. मी खोटारडा."

आता 'व्हय म्हाराजा' कोण म्हणणार? पालखी धरलेले खांदेसुद्धा हलायचे थांबले. मग सदूनं टिपरी खाली केली.

"महिपतदादा," तो म्हणाला, "आमाला तरी कुठं दिसलां होतां? आमाला वाटलां, दादाला दिसत नाय, त्याचां मन कशाला मोडा. म्हणून व्हय म्हटलां."

"तुमाला ठाव होतां?"

"दादा, तू माज्या बायकोला योगिनी मास्तरीण म्हणून हाक मारायचास. सगळ्यांनाच ठाव होतां."

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि थांबलं. महिपतला वाटलं, जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं. ज्या लाजेपायी त्यानं सुनेचा बळी दिला, ती गोष्ट वाडीला कधीचीच ठाऊक होती. त्यानं झाकलेलं काही नव्हतंच. झाकता झाकता तिचा पदर तेवढा फाडला होता.

दारातून विमलाचा आवाज आला, ठणठणीत. "माज्या सुनेचां नाव दर्शना. यापुढं जो दुसरां नाव घेईल त्याची जीभ नवलाई बघून घेईल. म्हणा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी सगळ्यांनी ऐकून म्हटलं.

दर्शना पुढे आली. देवीची ओटी भरली, नमस्कार केला. पालखी उचलली गेली, ढोल पुन्हा सुरू झाला आणि गर्दी पुढच्या घराकडे वळली. महिपतला पालखीबरोबर जायला हवं होतं. त्याचे पाय उचलत नव्हते. तो तसाच सुनेसमोर उभा राहिला, मान वर न करता.

"दर्शना, त्या दिवशी तुलाही ठाव होतां? मला दिसत नाय ता?"

"व्हय. गणपतीच्या आधीपासून. तुमी माशातला काटा चावत होता."

"मग सगळ्यांसारखां तूही व्हय का नाय म्हटलांस गो?"

तिनं ताटात उरलेले तांदळाचे दाणे गोळा केले. त्या संध्याकाळी तिच्या डोळ्यात जे न समजल्यासारखं होतं, ते आत्ताही होतं.

"तुमी विचारलांत ना, काय दिसतां ता सांग म्हणून," ती म्हणाली. "मला वाटलां, तुमाला दिसत नाय म्हणून मला विचारताय. म्हणून मी नीट बघून सांगितलां."